बाबांची चाल

नेरिमा, तोक्यो
२१ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे सातोए वहिनीनेच उघडायला लावलं असणार. तिला माझा नमस्कार सांग. तुला सांगत नाही. आपलं भांडण मिटलेलं नाही आणि मिटवायला मी लिहीतही नाहीये. चूक तुझीच होती, हे माझं मत कायम आहे.

बातमी द्यायची म्हणून लिहिते. मला एक आख्खी मालिका मिळाली. अ‍ॅनिमे! ऑक्टोबरपासून दर रविवारी संध्याकाळी. नाव आहे 'फिरतं न्हाणीघर'. एक जुनं वाफेचं इंजिन, त्याला एक डबा, डब्यात गरम पाण्याचा हौद. ती गाडी गावोगाव फिरते आणि दमल्याभागल्या लोकांना आंघोळ घालते. हसू नकोस. गाडी चालवणाऱ्या मुलीला पोहता येत नाही, इथपासून गोष्ट सुरू होते आणि पुढे फार चांगली होत जाते.

आजवर पडद्यावर माझं नाव शेवटी, 'साहाय्य' या शब्दाखाली, मुंगीएवढ्या अक्षरात यायचं. शिरातोरी गुरुजींच्या हाताखाली मी नऊ वर्षं काढली. लढाई आली की समूहगान, मुलगी रडली की पियानो, आकाश दिसलं की चाळीस व्हायोलिनं. हे सगळं मी आता झोपेत लिहू शकते. या वेळी मात्र एकटीचं नाव : संगीत, एजिमा चिनात्सु. आपल्या नोगाताच्या बाजारात सांगून ये. ईल मासे विकणाऱ्या आजोबांना तर नक्की सांग.

काम मस्त चाललंय. दिग्दर्शिका ओबाताबाईंना माझ्या पहिल्या तीन चाली फार आवडल्या. घरही बरं आहे. खालच्या मजल्यावर एक दाताचे डॉक्टर राहतात, मी पियानो वाजवला की तेही वरच्या पट्टीत खाकरतात, बाकी त्रास नाही.

जाता जाता एक. लोकांच्या नव्या दुकानाच्या उद्घाटनाला आपण सोंगं घेऊन बाजारभर वाजवत फिरायचो, तेव्हा बाबा नेहमी जी चाल वाजवायचे, तिचा मधला तुकडा तुला आठवतो का? सहज विचारते. काही खास कारण नाही.

चिनात्सु


९ मार्च

दादा,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच शब्द : 'आठवतो.'

हे उत्तर झालं? रस्त्यात कोणाला विचारावं, किती वाजले माहीत आहे का, आणि त्याने 'आहे' म्हणून चालू पडावं, तसलं! वहिनी, हे वाचत असशील तर त्याच्या पाठीत एक धपाटा घाल.

बरं, खरं सांगते. ओबाताबाईंना माझ्या चाली आवडल्या नाहीत. म्हणजे त्यांनी ऐकल्या, मान डोलावली, चहा संपवला आणि म्हणाल्या, "छान आहेत. पण सगळ्या लग्नाला आल्यासारख्या नटून आल्यात. मला आंघोळ करून, ओल्या केसांनी रस्त्यावरून घरी चाललेला माणूस हवाय." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "हे शिरातोरींचं आहे. ते मला त्यांच्याकडूनच घेता आलं असतं. तुमचं कुठंय?"

मी म्हटलं, आणते. जसं काही घरी कपाटात ठेवलंय.

घरी आले आणि एकही स्वर सुचेना. जे लिहीन त्यावर गुरुजींच्या अत्तराचा वास. ध्वनी सांभाळणारे वाकासुगी-सान आहेत, बोलायला फार तिखट माणूस. त्यांनी फोनवर सांगितलं, एप्रिल अर्धा सरेपर्यंत काही आलं नाही तर काम परत गुरुजींकडे जाईल. "तुमचा अपमान नाही हं," म्हणाले, "तुमचंच संगीत, फक्त जुन्या दुकानातून."

त्या दिवशी भाजी आणायला निघाले होते. रेल्वेचं फाटक लागलं होतं, ती घंटा वाजत होती, आणि माझे पाय आपोआप तालावर पडायला लागले. बाबांची चाल! ढोल बांधून तुमच्या पुढे चालताना पडायचे तसेच. पहिला भाग आला, शेवट आला. मधलाच तुकडा काही केल्या येईना. म्हणून तुला विचारलं होतं. कळलं?

आठवेल तसं मी लिहून काढलंय आणि संगणकावर वाजवून सोबत पाठवतेय. मधला तुकडा माझ्या मनचा आहे. लय मात्र बरोबर आहे, बाबांची खरी लय, भरभर चालणाऱ्या माणसाची. त्यावरून पुन्हा वाद नको. बाबा गेल्यावर एकदा भर बाजारात घातलाय तेवढा पुरे : चष्म्याच्या दुकानाचं उद्घाटन, तुझ्या डोक्यावर सामुराईचा टोप, माझ्या तोंडाला पांढरा रंग, आणि ईलच्या दुकानासमोर थांबून दोघं एकमेकांवर ओरडतोय. मी म्हणतेय, "बाबा असे रांगत नव्हते!" तू म्हणतोयस, "तू होतीस कुठे बघायला?" लोकांना वाटलं खेळच आहे. टाळ्या वाजवल्या मेल्यांनी.

मी ढोल तिथेच सोडून गाडीत बसले. तोंड कोकुरा स्टेशनवर धुतलं. डब्यातल्या एका म्हातारबाबांनी माझ्याकडे बघून हात जोडले होते, हे तुला कधी सांगायचंच राहिलं.

चिनात्सु


३० मार्च

दादा,

तुझं पार्सल उघडलं. चिठ्ठीत लिहिलंस : 'संगणकातलं ते क्लॅरिनेट आहे की सर्दी झालेलं बदक? असं वाजवायचं असतं.' आणि सोबत फोनवर मुद्रित करून पेनड्राइव्हवर घातलेली तुझी चाल.

ऐकली. पहिल्यांदा हसले, कारण सुरुवातीलाच आपल्या ट्रम्पेटवाल्या हामागुची काकांचा आवाज आहे, "झालं का सुरू? मी खोकू का नको?" आणि मग ते खोकतात. मग तुझं क्लॅरिनेट आलं आणि मी आवाज वाढवला. मधला तुकडा आला. तो असा होता तर! मी केवढा मोठा, रडका करून ठेवला होता, आणि तो नुसता चार पावलांचा आहे. दुकानाचा उंबरा चढावा आणि उतरावा तेवढाच.

तुझी चाल संथ. माझ्या डोक्यातल्या चालीच्या निम्मी. पहिल्या दिवशी मी रागाने ती दोनदा बंद केली. तिसऱ्यांदा ऐकताना क्लॅरिनेटच्या खाली काहीतरी ऐकू आलं. घास, घास, घास. तू चालत होतास. खोलीत बसून वाजवलं नाहीस, सपाता घालून बाहेर पडलास आणि चालत वाजवलंस.

ते मी ओबाताबाईंना ऐकवलं. आधी माझी भरभर चाल, मग तुझी. वाकासुगी-सान डोळे मिटून बसले होते, मला वाटलं झोपले. तुझी संपल्यावर ओबाताबाई म्हणाल्या, "ही. हा माणूस न्हाऊन निघालाय."

"हा माझा भाऊ आहे," मी म्हटलं.

"मग त्यांना बोलवा की."

"आम्ही बोलत नाही."

वाकासुगी-सान डोळे न उघडताच म्हणाले, "बोलायला कोण सांगतंय? वाजवायचंय."

तेव्हा दादा, बोलवतेय. तू, वहिनी, हामागुची काका. मे महिन्याच्या शेवटी, एकच दिवस. गाडीची तिकिटं मी पाठवेन. सकाळी तंतुवाद्यं होतील, दुपारी तुम्ही. मोठा ढोल वाजवायला मी आहे. कानात एक छोटं यंत्र असतं, त्यातून ठोक्यांची टिकटिक येते, तिच्याबरोबर वाजवायचं. अवघड काही नाही.

आणि तुझी लय त्यांना आवडली म्हणून तू जिंकलास असं समजू नकोस. त्यांनी बाबांना पाहिलेलं नाही.

चिनात्सु


१८ एप्रिल

दादा,

आधी वहिनीचा फोन आला. तू म्हणालास म्हणे, "घड्याळाच्या ठोक्यावर पाय उचलायला मी काय बँकेचा शिपाई आहे?" आणि क्लॅरिनेट पेटीत घालून पेटी कपाटावर टाकलीस. वहिनी म्हणाली, "नेहमी खाली ठेवतो, आज वर टाकलंय, म्हणजे चांगलाच फुगलाय." आम्ही दोघी तुझ्यावर खूप हसलो, ते सांगून टाकते.

दोन दिवसांनी तुझं पत्र आलं. दोन पानं! तुझी दोन पानं मी शाळेतल्या निबंधानंतर पहिल्यांदाच पाहिली.

मला हे माहीत नव्हतं, दादा. गुडघा दुखतो एवढंच बाबा फोनवर सांगायचे, आणि लगेच विचारायचे, जेवलीस का. स्टेशनचा चढ त्यांना चढवत नसे, म्हणून प्रत्येक दुकानासमोर तुम्ही थांबायचात, हे तू आता लिहितोस. सुपारी एका दुकानाची आणि वाजवायचात आठ दुकानांपुढे, म्हणजे लोकांना वाटावं एजिमा मंडळी दिलदार आहेत, म्हातारा दमलाय हे कोणाला कळू नये. तू मागून मुद्दाम लांबवून फुंकायचास, म्हणजे पुढचं पाऊल त्यांना सावकाश टाकता येईल. आणि त्यांना ते कळत होतं. एकदा मागे न बघताच म्हणाले, "तेप्पेई, श्वास संपेल तुझा. चल, निघतो मी."

हे वाचून मी जिन्यात जाऊन बसले. खालचे डॉक्टर वर येत होते. त्यांनी विचारलं, "दात दुखतोय का?" मी हो म्हटलं. काय सांगणार दुसरं? त्यांनी मला दवाखान्यात नेऊन सगळे दात तपासले. एक किडलाय.

तुझी लय खोटी नव्हती तर. पण माझीही नाही रे. माझे बाबा भरभर चालायचे. शाळा सुटली की मी त्यांच्या मागे धावायचे, एका हातात त्यांच्या किमोनोची बाही. वरचा बाजार, खालचा बाजार, नदीकाठची दुकानं. सूर्य मावळायच्या आत सगळं गाठायचं असायचं. मी रेंगाळले तर मागे राहीन, म्हणून ते वाजवता वाजवताच ओरडायचे, "चिना, पाय!" त्यांची चाल तुला संथ वाजवताना ऐकलं की मला वाटायचं, तू त्यांना म्हातारं करून टाकतोयस.

एवढंच माझं म्हणणं होतं. बाजारात ते नीट मांडता आलं नाही, तोंडाला रंग होता.

आता कामाचं. टिकटिक काढून टाकतील. मी ओबाताबाईंच्या समोर उभं राहून सांगितलं, आमच्याकडे लय पायात असते, कानात घातली तर पाय अडखळतात. त्यांनी वाकासुगी-सानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मग तंतुवाद्यांशी जुळवणार कसं?" मी म्हटलं, "त्यांनाच नंतर, यांच्या मागून चालायला लावू. मी तसं लिहिते."

आणि गंमत म्हणजे त्या दिवसापासून भराभर सुचतंय. व्हायोलिनं आहेतच, गुरुजींनी शिकवलेलं मी काही फेकून देणार नाही. पण आता ती आकाशात तरंगत नाहीत, सपाता घालून जमिनीवर चालतात. मधेच फाटकाची घंटा येते. आपल्या बालवाडीतली ती भात्याची पेटी आठवते, एक पट्टी दाबली की दोन वाजायच्या? तशी एक पेटी मी शोधून आणली. वाकासुगी-सान म्हणाले, "हिला दुरुस्त करून घ्या." मी म्हटलं, "खबरदार!"

काम माझ्याकडेच राहिलं, हे सांगायचं विसरले.

या. कपाटावरची पेटी खाली काढ.

तुझी
चिना


२ जून

दादा,

तू घरी पोचलास, वहिनीचा फोन आला. तरी लिहितेय, कारण त्या दिवशी तू सगळ्यात मागे होतास आणि पुढे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही.

तुम्ही स्टुडिओच्या दारातून आलात तेव्हाच मी हरले होते. साधे कपडे घालून या म्हणून तीनदा सांगितलं होतं, आणि तुम्ही सामुराईचा टोप, वहिनीच्या छातीवरच्या ढोलांना कागदी फुलं, हामागुची काकांच्या डोक्यावर किटली! तू म्हणालास, "कपडे घातल्याशिवाय पाय उचलत नाही." आणि माझा किमोनो आणि पांढरा रंग पिशवीतून काढून माझ्या हातात दिलास. सकाळी दुसऱ्या चाली वाजवून मोकळी झालेली सगळी व्हायोलिनवाली मंडळी घरी जायची थांबली. एवढे वादक फुकट बसलेले वाकासुगी-सानांनी आयुष्यात पाहिले नसतील.

आपण ठरवलं होतं : माइक मधोमध, आपण भोवती गोल चालायचं, आणि संथ. तुझी लय. मीच म्हटलं होतं, संथ. वहिनीने थाळी वाजवली, मी ढोल, आणि तुझं क्लॅरिनेट माझ्या पाठीमागून आलं. पहिली फेरी तशीच झाली. मी बाबांचा गुडघा डोळ्यांसमोर ठेवून वाजवत होते. खरं सांगू, पहिल्यांदाच मला ते तसे दिसले.

दुसऱ्या फेरीत तू ढकलायला लागलास.

आधी वाटलं, चुकला. मग वाटलं, चेष्टा करतोय माझी. वहिनीने मागे वळून डोळे मोठे केले. तू थांबेचनास. मागून पाठीवर हात ठेवून ढकलावं तसं ढकलत राहिलास, आणि बघता बघता पाय धावायला लागले. वरचा बाजार, खालचा बाजार, नदीकाठ. मी सात वर्षांची झाले, दादा. माझ्या हातात बाही नव्हती एवढंच.

माझं तोंड तुला दिसत नव्हतं. सगळा रंग वाहून हनुवटीवरून ढोलावर गळत होता आणि मी मोठमोठ्याने हसत होते. एका व्हायोलिनवाल्या बाईंनी रुमाल पुढे केला, मी वाजवतावाजवता नको म्हणून मान हलवली, तर रंगाचा शिंतोडा त्यांच्या ब्लाउजवर. त्याही हसायला लागल्या. शेवटच्या फेरीत तू पुन्हा सैल सोडलंस, आणि मी आपोआप संथ झाले. कोणी कोणाला काही सांगितलं नाही.

काचेपलीकडून ओबाताबाईंचा आवाज आला तो तुम्ही ऐकलात, "झालं. पुन्हा वाजवू नका." त्याआधी आत काय झालं ते वाकासुगी-सानांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी बाईंना म्हटलं होतं, "शेवटी ट्रम्पेट चुकलाय." बाई म्हणाल्या, "असू दे. ओले केस आहेत." आणि चष्मा पुसत बसल्या.

हामागुची काकांना ते चुकल्याचं सांगू नकोस. किंवा सांग. ते म्हणतील, ती चूक नव्हती, खोकला होता.

स्टेशनवर तू एवढंच म्हणालास, "ढोल बरा वाजवतेस अजून." मी म्हटलं, "तूही बरा फुंकतोस." गाडी सुटल्यावर वहिनी काचेतून काहीतरी खुणा करत होती. फोनवर विचारलं तर म्हणाली, "सांगत होते, हा रडतोय बघ."

आता नाही म्हणू नकोस. साक्षीदार आहे.

चिना


२६ ऑक्टोबर

दादा,

पहिल्या रविवारी तुम्ही सगळे चष्मेवाल्याच्या दुकानात टीव्हीसमोर बसला होतात ते कळलं. ईलवाले आजोबा 'एजिमा' हे नाव पडद्यावर आल्यावर उभे राहिले हेही कळलं. माझ्या मुलाखतीची गंमत मात्र तुला माहीत नसेल.

एका संगीत मासिकाचा माणूस आला होता. फार अभ्यासू. म्हणाला, "तुमच्या शैलीवर फ्रेंच संगीताचा, बाल्कनच्या वाजंत्रीचा आणि सर्कशीचा प्रभाव जाणवतो." मी म्हटलं, "बाल्कन कुठे आहे ते मला नकाशात शोधावं लागेल. तो नोगाताचा बाजार आहे." त्याने लिहून घेतलं. मग मी शिरातोरी गुरुजींचं नाव सांगितलं, कारण त्यांच्याशिवाय मला व्हायोलिनला 'चाल' म्हणता आलंच नसतं. बालवाडीतली पेटी सांगितली. फाटकाची घंटा सांगितली. बाबांचं नाव सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "त्यांचं ध्वनिमुद्रण कुठे मिळेल?"

"मिळणार नाही. दुकान उघडायचं असेल तर आमच्या भावाला बोलवा."

त्याने तेही लिहून घेतलं. तेव्हा हक्काने सुपारी घ्यायची तयारी ठेव.

गुरुजींचा फोन आला होता. म्हणाले, "दुसऱ्या भागातली ती व्हायोलिनं कोणी लिहिली?" मी म्हटलं, मी. "मी लिहिली नसती," म्हणाले, आणि मग, "मला जमली नसती." नऊ वर्षांत त्यांनी माझं असं कौतुक केलं नव्हतं. फोन ठेवून मी डॉक्टरांच्या दारावर थाप मारली आणि त्यांना सांगितलं. त्यांनी खाकरून अभिनंदन केलं.

खरं जे सांगायला बसले ते हे. काल दुपारी आमच्या गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात गेले होते. हौदात एक आजीबाई होत्या, डोक्यावर पंचा, डोळे मिटलेले, आणि गुणगुणत होत्या. बाबांची चाल! मी नाकापर्यंत पाण्यात शिरले आणि ऐकत राहिले. मधल्या तुकड्यात, उंबरा उतरायच्या जागी, त्या चुकल्या. खाली यायच्या ऐवजी एक पायरी वर चढल्या, तिथे जरा रेंगाळल्या आणि मग उतरल्या. मी म्हटलं, पुढच्या खेपेला नीट म्हणतील. छे, दर खेपेला तसंच. आणि ते फार गोड लागत होतं.

न राहवून मी विचारलं, "आजी, हे कुठलं हो?"

"टीव्हीवर लागतं. नातवंडं बघतात." त्यांनी एक डोळा उघडला. "कोणी वाजवलंय कोण जाणे, पण चालत चालत वाजवलंय. बसून वाजवणाऱ्याला असं यायचं नाही."

"पण तिथे मधे ते खाली येतं ना?"

"हो?" आजी म्हणाल्या. "नाही बाई, वरच जातं. तू नीट ऐक."

त्यांनी मला तो तुकडा म्हणून दाखवला, मग माझ्याकडून म्हणवून घेतला. मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा जमल्यावर त्यांनी पाण्यातच माझ्या खांद्यावर थाप दिली. बाहेर आले तेव्हा मी उकडलेल्या खेकड्यासारखी लाल झाले होते, आणि घरापर्यंत तेच गात गेले.

नवा तुकडा लिहून सोबत पाठवतेय. पुढच्या उद्घाटनाला असाच वाजव.

चिना